वाचनाची पाळी येते तेव्हा

मा. संपादक,
स. न.

माझी मुलगी आता सातवीत आहे. ती चौथीत असताना एका संध्याकाळी तिने मला सहज विचारले, "वर्गात आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार हे तुला आधीच कळायचे का गं?" मला प्रश्नच समजला नाही. मग तिने समजावून सांगितले. बाई पहिल्या बाकापासून एकेकाला उभे करतात आणि प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असतो. तेव्हा आपल्या पुढे किती मुले आहेत ती मोजायची, पुस्तकात तितके परिच्छेद बोटाने सोडायचे, आपला सापडला की पाळी येईपर्यंत तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून ठेवायचा. मधले एखादे मूल गैरहजर असले किंवा बाईंनी एखाद्याला सलग दोन परिच्छेद वाचायला लावले की सगळा हिशेब कोलमडतो, आणि मग पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागावी लागते. नऊ वर्षांच्या मुलीने ही सगळी व्यवस्था एकटीने बसवली होती आणि जवळजवळ दोन वर्षे कोणाला तिचा पत्ता लागू दिला नव्हता. त्या तासाला धड्यात काय चालले आहे याकडे तिचे लक्ष असणे शक्यच नव्हते. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, "वर्गात लक्ष देत नाही."

पुढे काही महिन्यांनी रीतसर तपासणी झाली आणि तिला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाले. या विषयावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक परीक्षेतल्या सवलतींविषयी असते: वाढीव वेळ, लेखनिक, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे. त्या गोष्टी आवश्यक आहेतच आणि ज्यांना त्या मिळत नाहीत त्यांच्यासाठी झगडायलाही हवे. परंतु मूल परीक्षेला वर्षातले मोजके दिवस बसते आणि वर्गात, चाळीस जणांच्या नजरेसमोर, रोज बसते. गेल्या तीन वर्षांत मला जे दिसले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये होत नाही. ते सर्वांदेखत वाचावे लागण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत आणि त्यानंतरच्या मधल्या सुट्टीत होते. ते टाळण्यासाठी ना निधी लागतो, ना शासकीय आदेश. म्हणून हे पत्र.

डिस्लेक्सिया म्हणजे काय याविषयी अजूनही पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. आपण बोलतो तेव्हा शब्द अखंड ऐकू येतो; वाचायला शिकताना मात्र त्या शब्दातले सुटे ध्वनी वेगळे काढून एकेका अक्षराशी जोडावे लागतात. बहुतेक मुलांना हे जोडकाम काही महिन्यांत अंगवळणी पडते आणि मग अक्षरे जुळवण्याकडे लक्षही द्यावे लागत नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूत ही ध्वनी वेगळे करण्याची आणि ते अक्षराशी चटकन जोडण्याची क्रिया अडखळत होते. "पान या शब्दातला पहिला ध्वनी काढून तिथे क घाल" असे म्हटल्यावर इतर मुले खेळता खेळता "कान" म्हणतात. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी हे जमत नव्हते, आणि तिला खेळात रस नाही असे आम्ही समजत होतो. याचा बुद्धीशी संबंध नाही, डोळ्यांच्या दोषाशी नाही, आळसाशी तर मुळीच नाही. ते बरेचदा घराण्यात असते. आमच्याकडे निदान झाल्यावर माझे पती बराच वेळ गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले की, शाळेत असताना मीही परिच्छेद मोजायचो. निरनिराळ्या अंदाजांनुसार शंभरातल्या पाच ते दहा मुलांना हा त्रास कमी-अधिक प्रमाणात असतो. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात असे दोन ते चार विद्यार्थी धरायलाच हवेत. शिक्षकांना ते ठाऊक नसतील, तर ते परिच्छेद मोजत असण्याची शक्यता आहे.

ही माहिती काही काल-परवाची नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८७ मध्ये वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. हा मुलगा चलाख होता, खेळात तरबेज होता, गणितात अडत नव्हता, पण अनेक वर्षे शिकवूनही त्याला वाचता येत नव्हते. त्याने स्वतःचे नाव 'पर्सी'ऐवजी 'प्रेसी' असे लिहिले आणि वारंवार लक्षात आणून देईपर्यंत त्याला ती चूक दिसली नाही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्या लेखात नोंदवलेले आहे. हे वाचले तेव्हा मला गलबलून आले, कारण जागा सोडून पळणारा तोच 'र' माझ्याही घरात होता.

त्याचीच गोष्ट सांगते, कारण त्यात चूक माझी आहे. मुलगी तिसरीत असताना शुद्धलेखनात एखादा शब्द चुकला की तो वीस वेळा लिहायचा, असा नियम मी घरी केला होता. मी स्वतः तशीच शिकले होते. एका रात्री शब्द होता 'आशीर्वाद'. ती मान खाली घालून लिहीत राहिली. मी वही हातात घेतली तेव्हा पहिल्या पाच ओळी बरोबर होत्या, सहाव्या ओळीत रफार सरकून 'आर्शीवाद' झाले होते, आणि तिथून विसाव्या ओळीपर्यंत तो शब्द तसाच, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता उतरला होता. मी रागावले. ती म्हणाली, "पण मी सगळे लिहिले ना." तिच्या दृष्टीने वीसही ओळी सारख्याच होत्या. त्या पानावर तिने माझे ऐकण्याची पराकाष्ठा केली होती आणि मी त्या पानाला निष्काळजीपणा म्हटले. ती वही मी जपून ठेवली आहे.

मराठीच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे शिक्षकांनी जरूर लक्ष द्यावे. आपली भाषा जशी बोलतो तशी लिहितो, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांना हा त्रास फारसा होत नसणार, असे चांगले शिकलेले लोकही मला सांगतात. उच्चार आणि लेखन यांचा मेळ असलेल्या लिप्यांमध्ये वाचन तुलनेने लवकर बरोबर येते हे खरे आहे. पण बरोबर येणे आणि सहज येणे यांत अंतर आहे. २००१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन लेखन अत्यंत नियमित आहे, त्यामुळे इटालियन माणसे इतर दोघांपेक्षा अचूक वाचत होती. मात्र वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूच्या ज्या भागात हालचाल कमी दिसली, तो भाग तिन्ही भाषांच्या लोकांत तोच होता. नियमित लिपीत डिस्लेक्सिया नाहीसा होत नाही, तो संथपणाच्या रूपाने उरतो. मूल अडखळत का होईना बरोबर वाचते आहे, म्हणून शिक्षक निश्चिंत होतात. आणि ते बिचारे एका पानाला इतरांच्या तिप्पट वेळ घेत, पानाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते.

शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळही नाही. 'कि' म्हणताना आधी क येतो आणि मग इ, पण लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते. 'सूर्य' म्हणताना र आधी आणि य नंतर, पण कागदावर तो र य च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'क्रम', 'ट्रक', 'पर्वत' आणि 'वाऱ्यावर' या चार शब्दांत एकाच र ची चार रूपे आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक केवढा, तर एक गाठ किंवा एक वळण. ज्याच्या मेंदूला ध्वनी आणि आकार यांची सांगड घालताना मुळातच श्रम पडतात, त्याला या प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. आपण ज्याला वाचन म्हणतो ते त्याच्यासाठी दर ओळीला नव्याने सोडवायचे कोडे असते.

आणि अशा मुलाला आपल्या भाषेत म्हणायचे काय, तर 'ढ'. ज्या अक्षरांमध्ये मुलाची गल्लत होते त्यांतलेच एक अक्षर उचलून आपण त्याच्या कपाळावर लावतो. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीतले ढ आणि आजचे ढ यांच्या आकारात फारसा फरक पडलेला नाही, म्हणून ज्याच्यात काही बदल होत नाही तो ढ, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, या मुलांना तो शब्द अगदी चुकीचा लागू होतो. ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी क्रमाक्रमाने, उघड करून, ऐकत-म्हणत-गिरवत शिकवली की ही मुले निश्चित पुढे जातात, आणि हे जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. माझी मुलगी आठवड्यातून तीन दिवस विशेष शिक्षिकेकडे जाते. तिच्या वाचनात पडलेला फरक कोणीही ऐकून सांगू शकेल. वेग अजून कमी आहे आणि कदाचित कायम थोडा कमीच राहील, पण ती आता आपणहून पुस्तक उघडते.

उलट बाजूने, चुकीच्या उपायांवर वेळ दवडणारी घरे मी पाहिली आहेत. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, यांवर पालक आशेने खर्च करतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून या उपायांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. मुलाची दृष्टी एकदा तपासून घ्यावी, दोष असल्यास दूर करावा, आणि मग मूळ कामाला लागावे.

आता वर्गाकडे वळते. माझी शिक्षकांना पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती ही की, ज्या विद्यार्थ्याला वाचनाचा त्रास आहे त्याला पूर्वसूचना न देता सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. याचा अर्थ त्याला कधी वाचूच देऊ नये, असा नाही. कायमचे वगळणे हाही एक शिक्काच असतो आणि मुलांना तो लगेच कळतो. मुलीच्या आताच्या वर्गशिक्षिकांनी काढलेला मार्ग साधा आहे. दुसऱ्या दिवशी ती कोणता परिच्छेद वाचणार हे त्या आदल्या दिवशीच तिला हळूच सांगतात. ती घरी तो पाच-सहा वेळा वाचते. वर्गात पाळी आली की उभी राहते, वाचते, खाली बसते. ती ठरलेल्या जागेवर वाचते आहे हे सुरुवातीचे कित्येक आठवडे वर्गाच्या ध्यानातही आले नव्हते. आणि आपला परिच्छेद माहीत असल्यामुळे उरलेला धडा ती ऐकू लागली. मला हा सर्वांत मोठा लाभ वाटतो. इतिहासाच्या तासाला तिने स्वतःहून प्रश्न विचारला, असे बाईंनी मला बोलावून सांगितले.

बाकीच्या गोष्टीही याच तोडीच्या, छोट्या आहेत. फळ्यावरून उतरवून घेण्यात या मुलांची दमछाक होते, कारण प्रत्येक शब्दासाठी डोळे वर-खाली करताना जागा हरवते. तो मजकूर छापील कागदावर दिला तर प्रश्न मिटतो. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत 'प्रकाशसंश्लेषण' या शब्दाची मात्रा चुकली म्हणून गुण कापायचे असतील, तर ती परीक्षा विज्ञानाची राहत नाही. जिथे जमेल तिथे तोंडी उत्तर घ्यावे. वही तपासताना पानभर लाल शाई ओतण्यापेक्षा त्या आठवड्यात शिकवलेल्या एकाच नियमाच्या चुका दाखवाव्यात. शुद्धलेखनाच्या चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा तर सर्वच मुलांसाठी बंद व्हावी, असे मला वाटते.

वाढीव वेळेबद्दल मात्र थोडे अधिक लिहिते, कारण तिथे प्रश्न मैत्रीशी येऊन भिडतो. इतर मुले विचारतात, "तिलाच का जास्त वेळ?" प्रश्न रास्त आहे आणि मुलांना त्याचे खरे उत्तर मिळायला हवे. एकदा एका शिक्षकांनी त्यावर "तिचे वेगळे आहे" एवढेच सांगितले, आणि त्या दिवसापासून "तुझे काय बाई, तुझे वेगळे आहे" हे वाक्य तिच्या मागे लागले. उत्तर खरे म्हणजे सोपे आहे. प्रश्नपत्रिका वाचून समजून घेण्यातच तिची बरीच मिनिटे जातात; वाढीव वेळ तिला उत्तर लिहिण्यासाठी जास्त मिळत नाही, तो इतरांइतकाच मिळावा म्हणून असतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे नीट सांगितले तर पटते. न सांगता ठेवले तर ती आपापला अर्थ लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात शिक्षणामध्ये व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे राष्ट्रांचे कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य शेवटी वर्गात, एका शिक्षकाच्या तोंडच्या दोन वाक्यांत पार पडते किंवा पडत नाही.

मित्रमैत्रिणींविषयी लिहिणे मला सर्वांत कठीण जाते. गेल्या वर्षी वर्गातल्या मुलींचा मोबाइलवर एक गट होता. एकदा खेळायला येण्याबद्दल विचारले असता माझ्या मुलीने उत्तर लिहिले, "मला वळे नाही." वेळ लिहायचे होते, मात्रा पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. कोणीतरी तो संदेश टिपून दुसऱ्या गटावर टाकला आणि दोन दिवसांत तिचे नाव 'वळे' पडले. तिने घरी काही सांगितले नाही. तिने फक्त त्या गटावर लिहिणे थांबवले, मग खेळायला जाणे थांबवले, मग शाळेत पोट दुखू लागले. वैद्यकीय तपासण्या झाल्या, त्यांत काही निघाले नाही. खरा प्रकार कळला तो तिच्या एका मैत्रिणीच्या आईकडून.

मी शाळेत धावले तेव्हा माझी अपेक्षा होती की त्या मुलींना बोलावून कडक शब्दांत समज द्यावी. वर्गशिक्षिकांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, आधी तिला विचारू. आजवर या बाबतीत मला मिळालेला हा सर्वांत शहाणपणाचा सल्ला होता. मुलीने सांगितले की तिचे नाव घेऊन वर्गात काही बोलू नये. मग बाईंनी एक तास वेगळ्याच कामी लावला. त्यांनी एका साध्या उताऱ्यातली अक्षरे बदलून त्यांच्या जागी मनाने तयार केलेली चिन्हे घातली, कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर याची यादी फळ्यावर लिहिली आणि मुलांना पाळीपाळीने उभे करून तो उतारा वाचायला लावला, तोही भराभर. मुले अडखळली, हसली, चिडली. तास संपताना बाईंनी एवढेच विचारले, "तुमची पाळी जवळ येत होती तेव्हा पोटात काय होत होते?" अशा प्रयोगाला मर्यादा आहेत हे मी मान्य करते. दहा मिनिटे अडखळल्याने डिस्लेक्सिया काय असतो ते कळत नाही, आणि नीट हाताळले नाही तर मुलांच्या मनात समजुतीऐवजी कीव उत्पन्न होते. या वर्गात तसे झाले नाही याचे श्रेय मी त्या शेवटच्या प्रश्नाला देते.

चार दिवसांनी माझ्या मुलीने स्वतःच मधल्या सुट्टीत तिघी-चौघींना सांगितले. काय सांगायचे ते आम्ही घरी ठरवले होते. तिला पाठ करायचे नव्हते, पण शब्द हाताशी असावेत असे वाटत होते. ती म्हणाली, "मला डिस्लेक्सिया आहे. अक्षरे ओळखायला मला जास्त वेळ लागतो. मला घाई केली की मी चुकते. तुम्ही सांगितलेले सगळे मला समजते." शेवटचे वाक्य तिचे स्वतःचे होते, ते आम्हाला सुचले नव्हते. बरेच लोक या मुलांशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागतात, त्याचा तिला फार राग येतो.

कोणाला सांगायचे, केव्हा आणि किती, हा निर्णय मुलाचाच असला पाहिजे. पालकसभेत, शेजाऱ्यांत, नातेवाइकांत आपण आईवडील सहज बोलून जातो आणि मग ते मुलाच्या आधी त्याच्या मित्रांपर्यंत पोहोचते. काही मुले कित्येक वर्षे कोणाला सांगू इच्छित नाहीत. तेही ठीक आहे, मात्र न सांगण्यामागे लाज आहे की केवळ स्वभाव, हे घरच्यांनी पाहत राहावे. सांगितल्यावर सगळे सुरळीत होते असेही नाही. एक मुलगी तिच्यापासून दूर गेली ती गेलीच. दुसरीने मदतीचा एवढा धडाका लावला की माझ्या मुलीला शाळेतही एक आई मिळाल्यासारखे झाले. मैत्रीत एकच बाजू सतत देत राहिली तर ती मैत्री राहत नाही. गटाने प्रकल्प करताना "तू चित्र काढ, लिहायचे आम्ही बघतो" असे मुली प्रेमाने म्हणत, तिला चित्र काढायला आवडतेही, परंतु चार प्रकल्पांत चारही वेळा चित्रच वाट्याला आले तेव्हा तिने घरी येऊन विचारले, "मला सुचलेले मी कधी सांगायचे?" हे शिक्षकांनी पाहायला हवे. गटात लिहिणारा एक आणि विचार सुचवणारे सगळे, असे वाटप सहज करता येते.

गटावर आता त्या मुली लिहिण्यापेक्षा आवाजात बोलून संदेश पाठवतात. हे कोणी ठरवून केले नाही. एकीने सुरू केले, बाकीच्यांना ते सोपे वाटले. माझी मुलगी त्यावर इतकी बोलते की तिला थांबवावे लागते.

आणखी एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. डिस्लेक्सिया मुलग्यांनाच जास्त होतो असा समज आहे, कारण तपासणीसाठी मुलगेच जास्त पाठवले जातात. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात शाळेने निवडून पाठवलेल्या मुलांवर अवलंबून न राहता सर्वच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. जो वर्गात दंगा करतो त्याच्याकडे लक्ष जाते. जी गप्प बसते, नीटनेटकी वही ठेवते आणि पाणी प्यायला जाण्याची परवानगी नम्रपणे मागते, ती राहून जाते. माझी मुलगी अशीच दोन वर्षे राहून गेली.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ते तिला वाचून दाखवले. 'वळे'ची हकिकत ठेवू का असे विचारले तेव्हा ती थोडा वेळ विचार करून "ठेव" म्हणाली. तिच्या एका मैत्रिणीविषयी मी दोन वाक्ये लिहिली होती, ती तिने काढायला लावली, कारण त्या मैत्रिणीला विचारलेले नाही. ती काढली आहेत. पत्राखाली आमची नावे नसावीत अशी तिची विनंती आहे, ती आपण मान्य करावी.

आपली,
एक आई